ओटी कुठं बांधता?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पेशंटच्या पोटावर पेनानं एक गोल काढते, नाण्याएवढा. आतड्याचं मोठं ऑपरेशन झाल्यावर काही जणांची शौचाची वाट कायमची बदलते. आतड्याचं टोक पोटावर आणून तिथं शिवतात, त्याच्याभोवती एक चिकट चकती बसवतात आणि चकतीला पिशवी जोडतात. मग जन्मभर ते तसंच. हे नवं तोंड पोटावर नेमकं कुठं यावं, ते त्या गोलावरून ठरतं. कापणं-शिवणं सर्जनचं काम. जागा शोधायचं काम माझं.

ते माझ्याकडं आलं अगदी योगायोगानं. नाशिकमधल्या एका हॉस्पिटलात सर्जरीच्या वॉर्डात मी सिस्टर आहे, आता बरीच वर्षं झाली. पुण्याला आठवडाभराच्या ट्रेनिंगला आमच्यातलं कुणीतरी एक पाठवायचं होतं. जिचं नाव गेलं होतं, तिच्या घरी नेमकं लग्न निघालं. म्हणून मी गेले. जाताना वाटलं होतं, पिशवी लावायला आणि काढायला शिकवतील, त्यात आठवडा कसला घालवायचा? पण पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी एका पेशंटला झोपवलं, त्याच्या पोटावर खूण केली आणि मग त्याला उठून बसायला सांगितलं. ती खूण पोटाच्या वळीत गडप झाली. मी पुढं सरकून बघायला लागले. झोपलेल्या माणसाचं पोट वेगळं आणि बसलेल्याचं वेगळं, ही गोष्ट रोज माणसांची पोटं पुसणाऱ्या माझ्या कधी लक्षातच आली नव्हती.

नर्सिंग शिकत असताना आमच्या एक मॅडम मला म्हणायच्या, "तुला चौकशा फार." मी नांदगावची. आमच्याकडं रस्त्यानं चाललेल्या माणसालाही कुठून आलात, कुणाकडं चाललात, मुक्काम आहे का, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. वॉर्डात त्याचा त्रास व्हायचा. औषध द्यायला गेले की पंधरा मिनिटं तिथंच. पण या नव्या कामात चौकशी हेच काम होतं. तुम्ही बेल्ट लावता का? नमाज पढता का? मांडी घालून जेवता की टेबलावर? ओझं डोक्यावर नेता की खांद्यावर? माणूस दिवसभरात आपलं शरीर कुठं कुठं दुमडतो, ते कळल्याशिवाय गोल काढायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

मावशी आल्या त्या सुनेबरोबर. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं थोराड, बोलणं मोजकं. मखमलाबादच्या पुढं त्यांचं शेत. झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. फुलं पहाटेच नाशिकच्या बाजारात जातात, मालक, म्हणजे मावशींचे यजमान, पिकअप घेऊन येतात. मावशींना गुदाशयाचा कॅन्सर निघाला होता. आमच्या सर्जननी, म्हणजे सरांनी, कागदावर चित्र काढून त्यांना सगळं समजावलं होतं आणि त्यांनी मानही हलवली होती. पण मी पेन घेऊन कॉटपाशी गेले तेव्हा म्हणाल्या, "हे कशाला?"

मी परत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ते हितून येणार? पोटातून?"

"हो मावशी."

"आन् मला कळणार नाय कधी यायचं ते?"

"कळणार नाही. म्हणून पिशवी."

त्या खिडकीकडं बघत बसल्या. सून कॉटच्या पायाशी उभी होती, ती पुढं आली आणि सासूच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी थांबले. अशा वेळी पुढचं वाक्य आपण बोलायचं नसतं, हे मला पुण्यात नाही, वॉर्डातच उमगलं होतं.

थोड्या वेळानं मावशीच म्हणाल्या, "काय करायचं ते करा."

मी त्यांना हॉस्पिटलचा गाऊन काढून घरची साडी नेसायला सांगितलं. परकराची नाडी कुठं येते ते बघितलं. मग पडदे ओढून घेतले आणि म्हटलं, "खाली बसा, खुरपायला बसता तशा."

"हितं? फरशीवर?"

"हितंच."

त्या बसल्या. उकिडव्या बसून हातानं खुरपं धरल्यासारखं करून दोन पावलं पुढं सरकल्याही. सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. मावशींनाही जरा हसू आलं. मी मात्र फरशीवर गुडघे टेकून त्यांचं पोट बघत होते. बेंबीखाली, जिथं सर नेहमी तोंड काढतात, तिथं एक खोल वळी पडत होती. तिथं चकती चिकटवली असती तर दिवसातून चार वेळा सुटली असती. शिवाय मावशींना ते तोंड दिसलंच नसतं, आणि जे दिसत नाही ते माणूस स्वतः साफ कसं करणार?

"फुलं तोडताना कशा उभ्या राहता?"

त्या उठल्या, कमरेत वाकल्या आणि दोन्ही हातांनी हवेतली फुलं खुडायला लागल्या. खुडलेलं पोटापाशी टाकत होत्या.

"फुलं कशात टाकता?"

"ओटीत."

"ओटी कुठं बांधता?"

ओटी म्हणजे जुन्या साडीच्या तुकड्याची झोळी. तोडणाऱ्या बायका ती पोटावर बांधतात, भरली की बांधाला जाऊन ढिगावर रिकामी करतात. मावशींनी साडीचाच एक पदर घेऊन दाखवलं. ओटीची दोन्ही टोकं परकराच्या नाडीच्या जागी कमरेला, झोळी खाली मांड्यांवर. मी ते नीट बघितलं आणि डाव्या बाजूला, नाडीच्या बरंच वर, बेंबीपेक्षाही किंचित वर गोल काढला. बसा म्हटलं, उठा म्हटलं, वाका म्हटलं. गोल प्रत्येक वेळी सपाट राहिला आणि मावशींना मान खाली घातली की दिसत होता.

संध्याकाळी राउंडला सरांनी तो गोल बघितला आणि म्हणाले, "इतका वर?"

मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, मी आजवर किती केलेत. खाली नीट बसतं."

"सर, एक मिनिट. मावशी, मघाशी बसला होतात तशा बसा ना."

मावशींना या खेळाची आता सवय झाली होती. त्या लगेच उकिडव्या बसल्या. सर चष्मा सारखा करून खाली वाकले, मग चक्क फरशीवरच बसले. मागचे दोन शिकाऊ डॉक्टर एकमेकांकडं बघत राहिले. सरांनी बोटानं त्या वळीची खोली बघितली आणि मावशींना विचारलं, "अशा किती वेळ बसता?"

"ऊन चढंपर्यंत."

"रोज?"

"रोज नाय तर काय?"

सर उठले, पँट झटकली. "वरच घेऊ," म्हणाले, आणि पुढच्या कॉटकडं गेले. मला त्यांचं ते फरशीवर बसणं अजून आवडतं.

ऑपरेशन चांगलं झालं. पण नंतर चार दिवस मावशींनी पोटाकडं बघितलंच नाही. मी पिशवी बदलायला गेले की तोंड फिरवून भिंतीकडं बघायच्या. मी मुद्दाम सावकाश बदलायचे आणि काय करते ते बोलत राहायचे. आता कोमट पाण्यानं पुसतेय. आता कोरडं करतेय. आता चकतीला भोक कापतेय, फार मोठं नाही, फार लहान नाही. ऐकणाऱ्याला ऐकू येतच असतं. सून शेजारी उभी राहून शिकत होती. तिचा हात चांगला होता आणि किळस तिला अजिबात नव्हती. पण मला सुनेला शिकवून मोकळं व्हायचं नव्हतं. सुनेनं केलं की मावशींनी जन्मभर बघायचं टाळलं असतं.

पाचव्या दिवशी सुनेला मी मुद्दाम खाली मेडिकलमध्ये पाठवलं आणि मावशींना म्हटलं, "माझे दोन्ही हात गुंतलेत. हा कापूस जरा धरा."

त्यांनी धरला. धरताना बघावंच लागलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"डाळिंबासारखं लाल हाय," म्हणाल्या.

"तोंडाच्या आत असतं ना, तसंच आहे ते. हात लावला तरी दुखत नाही."

त्यांनी बोट लावलं, लगेच काढलं, परत लावलं. तेवढ्यात आतून गुडगुड आवाज आला आणि त्या दचकल्या. "बोलतंय की!" मग स्वतःशीच म्हणाल्या, "पाव्हणं आलंय म्हणायचं. आता जेवू घालावं लागंल."

त्या दिवसापासून वॉर्डात सगळ्या सिस्टर त्यांना पाव्हण्याची खुशाली विचारायला लागल्या. घरी जाईपर्यंत मावशी चकती स्वतः बसवत होत्या, माझ्यापेक्षा सफाईनं. रोज हजारो फुलांचे देठ खुडणारी बोटं ती. मी निर्धास्त होते.

घरी गेल्यावर दोनेक महिने सगळं ठीक चाललं. मग त्या हळूहळू शेतात जायला लागल्या आणि एक दिवस सुनेचा फोन आला.

"ताई, चकती सुटती हो. सगळं बाहेर येतंय. कातडी लाल झालीय."

तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. चकतीखालची, वरच्या बाजूची कातडी सोलवटली होती. मी त्यांना ओपीडीत बोलावून घेतलं. भोकाचं माप बरोबर, चिकटवायची पद्धत बरोबर, पोटाचा आकार बदललेला नाही. बसवलं, उठवलं, वाकवलं. चकती जागची हलली नाही. मी पावडर दिली, चकतीची कंपनी बदलून बघितली, वर पट्टा दिला. आठ दिवसांनी परत फोन. तेच.

मला झोप लागेना, असं म्हणणार नाही. पण डोक्यात ते घोळत होतं खरं. बसमध्ये, भाजी चिरताना. एखादी गोष्ट नीट केलेली असूनही का बिघडावी? सरांना विचारलं तर म्हणाले, "तोंड छान आहे, तब्येत छान आहे. चिकटवण्यात चूक होत असेल." मला ते पटेना. मावशींची बोटं चुकणार नाहीत.

मी सुनेला एक काम सांगितलं. कॅलेंडरवर रोज लिहायचं, आज मावशींनी शेतात काय केलं आणि चकती सुटली का नाही. तिनं तीन आठवडे ते मनापासून केलं आणि पानाचा फोटो पाठवला. मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून तो फोटो मोठा करून बघत बसले. खुरपणीच्या दिवशी काही नाही. पाणी भरलं त्या दिवशी काही नाही. घरी असतील तर काही नाही. चकती सुटायची ती तोडणीच्या दिवशीच, झाडून सगळ्या तोडणीच्या दिवशी.

मी लगेच फोन लावला. "तोडणीला त्या काय वेगळं करतात?"

"काय नाय ताई. नेहमीसारखंच. ओटी बांधतात नि तोडतात."

"कमरेलाच बांधतात ना?"

"ते कुठं दिसतंय. वरून मामंजींचा जुना शर्ट असतो ना."

शेतात काम करताना साडीवर पुरुषाचा शर्ट घालायची पद्धत आहे, काट्याकुट्यांनी आणि उन्हानं हात खराब होऊ नयेत म्हणून. मला माहीत होतं. वॉर्डात मात्र शर्ट नव्हता, फुलं नव्हती, ओटीही सोंगाची होती. मी माझ्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडं जायचं ठरवलं. हॉस्पिटलनं सांगितलं नव्हतं. मलाच बघायचं होतं.

सकाळी सातला पोचले तेव्हा झेंडूच्या सरीत सात-आठ बायका वाकलेल्या होत्या. अख्खं शेत केशरी. मावशींनी मला बघितलं आणि त्यांचे हात थांबले.

"तुम्ही कशाला आलात हितं?"

"तुमचं काम बघायला. तुमचं चालू द्या."

मी बांधावर बसले आणि त्या तोडत राहिल्या. माझ्या लक्षात आलं की बाकी बायकांच्या ओट्या मांडीवर लोंबत होत्या आणि मावशींच्या शर्टाला फुगवटा मात्र छातीखालीच होता. ओटी वीतभर वर बांधलेली होती. ओटी भरून त्या बांधाकडं आल्या, ढिगावर फुलं ओतली, तेव्हा मी म्हटलं, "मावशी, शर्टाची बटणं जरा सोडता का? मला चकती बघायचीय."

"घरी गेल्यावर बघा की."

"आत्ताच बघते. बांधावर कुणी नाही."

त्या नाही म्हणाल्या. मी बांधावरच बसून राहिले. मग त्या खाली बसल्या, पाठ बायकांकडं केली आणि बटणं सोडली.

आत पिशवीवर खताच्या गोणीच्या प्लास्टिकचा मोठा तुकडा होता, घडी घालून, पोट पूर्ण झाकेल असा. तो हलू नये म्हणून वरून सुतळी, पोटाभोवती दोन वेढे घालून करकचून बांधलेली. सुतळी बरोबर चकतीच्या खालच्या काठावरून गेली होती. पिशवीचं तोंडच आवळलेलं. जे येत होतं त्याला खाली पिशवीत उतरायला जागाच नव्हती, ते वरच साचत होतं आणि चकतीखाली शिरत होतं. कोडं सुटलं होतं. पहिल्यांदा मला, खरं सांगते, आनंदच झाला. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तो आनंद ओसरला.

"हे कशासाठी मावशी? पिशवी गळत नाही ना त्याच्याशिवाय?"

"नाय."

"मग?"

त्यांनी ढिगाकडं बघितलं. "फुलं देवाला जात्यात, सिस्टर."

त्यांनी ढिगातून घरंगळलेलं एक फूल परत वर ठेवलं.

"आमचा माल देवळापुढंच जातो सगळा. लोक पायावर वाहत्यात, गळ्यात घालत्यात. आन् मी ती कुठं टेकवते? ह्याच्यावर? म्हणून ओटी वर घेतली, मधी हे घातलं."

"पिशवी बंद असते मावशी. वास येत नाही, काही लागत नाही."

"ते मला कळतं. मीच बदलते, मीच धुते. मला नाय कळत व्हय?" त्या सुतळीची गाठ सोडायला लागल्या. "कळतं, पण हात मानत नाय."

मला वाटलं आपण काहीतरी चांगलं बोलावं. मी म्हटलं, "झेंडूला खत कसलं घालता? शेणखतच ना?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. "शेणाचं सांगू नका मला. ते गाईचं."

सून तेवढ्यात चहा घेऊन आली होती, तिनं ऐकलं. तिला हसू आलं, मग सुतळी दिसली आणि तिचं हसू गेलं. "आत्या, हे कधीपासून बांधता तुम्ही?" मावशी बटणं लावायला लागल्या. सुनेनं चहा खाली ठेवला, प्लास्टिकचा तुकडा उचलला आणि घडी घालून स्वतःच्या कमरेला खोचला. आम्ही तिघी चहा प्यायलो.

परत येताना बसमध्ये मी स्वतःवरच चिडले होते. एवढ्या चौकशा करणारी मी. बसता कशा विचारलं, वाकता कशा विचारलं, ओटी कुठं बांधता तेही विचारलं. फुलं कुठं जातात हे विचारलं नव्हतं. मला त्यांचं पोट कळलं होतं फक्त.

आता त्यांना समजावत बसण्यात अर्थ नव्हता. त्यांना समजलेलंच होतं. मग मला पुण्यातली एक गोष्ट आठवली. तिथं एक पद्धत शिकवली होती. कोमट पाणी एका नळीनं सावकाश त्या तोंडातून आत सोडायचं, आतडं एकदाच स्वच्छ रिकामं करायचं. नीट जमलं तर मग चोवीस तास, कधी कधी त्याहून जास्त, काही येत नाही. पिशवीऐवजी एक छोटी टोपी लावली तरी चालते. सगळ्यांना ते करता येत नाही. ऑपरेशन कुठल्या भागाचं झालंय ते बघावं लागतं आणि सर्जनची परवानगी लागते. मी ते फक्त शिकले होते, कुणाला शिकवलं नव्हतं. बाथरूममध्ये तासभर बसायला लागतं, कोण करणार, असं मीच धरून चालले होते.

सरांना सुतळीची सगळी हकीकत सांगितली. मग त्यांनी मावशींची फाइल मागवली, एकदा तपासायला बोलावून घेतलं आणि परवानगी दिली. वर म्हणाले, "मलाही बघायचंय कसं करतात ते. मी पुस्तकातच वाचलंय."

पहिला दिवस फसला. मी पाणी जरा गार घेतलं आणि घाईनं सोडलं. मावशींच्या पोटात कळ आली, पाणी तसंच परत बाहेर आलं, त्यांची साडी भिजली आणि माझा युनिफॉर्मही. मला वाटलं, आता त्या नाद सोडतील. त्या म्हणाल्या, "रोपांना पाणी देताना पण जोरात सोडलं की मुळं उघडी पडत्यात. सावकाश सोडा की."

दुसऱ्यांदा मी नळीची कळ त्यांनाच फिरवायला दिली. त्यांनी पाणी मनगटावर पाहिलं, पाण्याची पिशवी खांद्याच्या उंचीवर खिळ्याला टांगायला लावली आणि इतकं हळू सोडलं की मला धीर धरवेना. जमलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मला नुसतं उभं ठेवलं. घरी गेल्यावर त्या रोज संध्याकाळी चार वाजता हे करायला लागल्या. पहिले दोन आठवडे मधेच काही ना काही यायचं. मग शरीराला ती वेळ कळली. एका दुपारी मी कामात होते आणि फोन वाजला. मावशी स्वतः बोलत होत्या. आजवर फोन नेहमी सूनच करायची.

"सिस्टर, आज तोडणी झाली. पाव्हणं दिवसभर झोपलंय."

"आणि ओटी?"

"कमरेला. जिथं होती तिथं." थोडं थांबून म्हणाल्या, "शर्ट तेवढा धुतलेला घालते तोडणीच्या दिवशी. ते राहू द्या माझं."

मी म्हटलं, राहू द्या.

त्यानंतर माझ्या चौकशीत काही प्रश्न वाढले. तुम्ही करता त्या कामाचं पुढं काय होतं? घरात असं काही आहे का, ज्याला आता हात लावू नये असं वाटेल? कधी लोक चक्रावतात. एका आजींनी लोणच्याच्या बरणीचं सांगितलं आणि आम्ही त्यावर अर्धा तास बोललो.

यंदाच्या उन्हाळ्यात सातपूरचा एक कामगार आमच्याकडं आला. चाळिशीचा, लेथ मशीनवरचा ऑपरेटर. आजार तोच, ऑपरेशन तेच. तो कुणाशी बोलत नव्हता. बायको काही विचारायला आली की डोळे मिटून घ्यायचा. मी पेन घेऊन दोनदा गेले, दोन्ही वेळा त्यानं पोटावरचं पांघरूण घट्ट धरलं. ऑपरेशन एका दिवसावर आलं होतं. मी मावशींना फोन केला आणि सगळं सांगितलं, त्याचं नाव-गाव न सांगता. त्याच्या बायकोला आणि त्याला आधीच विचारलं होतं, कुणी याच वाटेनं गेलेलं येऊन भेटलं तर चालेल का. त्यानं नाही म्हटलं नव्हतं, एवढंच.

मावशी दुपारी मालकांच्या पिकअपमधून आल्या. धुतलेली साडी, हातात काही नाही. मी त्यांना कॉटपाशी नेलं, ओळख करून दिली आणि शेजारी स्टूल ओढून बसायला लागले.

मावशी म्हणाल्या, "तुम्ही भायेर थांबा."

"मी?"

"तुम्हीच. आन् पडदा ओढून जा."

मी पडदा ओढला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. इतक्या वर्षांत पडद्याच्या या बाजूला उभं राहायची वेळ माझ्यावर आली नव्हती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. औषधांची ट्रॉली घेऊन जाणाऱ्या सिस्टरनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. मध्येच त्याचा आवाज आल्यासारखा वाटला, मग मावशींचं बारीक हसू. मग परत शांत.

वीसेक मिनिटांनी त्या बाहेर आल्या आणि पदर सारखा करायला लागल्या.

"काय बोललात?" मी विचारलं.

"ते आमचं."

"निदान एवढं तरी सांगा, तयार झाला का?"

"मला काय माहीत?" त्या जिन्याकडं निघाल्या, पहिल्या पायरीवर थांबल्या. "मशीनला पोट टेकून उभा राहतो म्हणे दिवसभर. जा, तुम्ही इचारा त्याला."

मी आत गेले. तो उठून उभा होता, कॉटच्या लोखंडी कठड्याला हात लावून त्याची उंची बघत होता. "सिस्टर," तो म्हणाला, "आमचं मशीन ह्याच्यापेक्षा थोडं उंच आहे. काही मिळेल का, ह्याच्यावर ठेवायला? म्हणजे पोट कुठं टेकतं ते दाखवता येईल."

मी लिनन रूममधून दोन जाड ब्लँकेट आणायला गेले.